जीनच्या लाईनचा सध्याचा वापर

आमच्या गावामागून एक रेल्वेलाईन जाते आणि तिच्यावरून कोणीही चालत नाही, हे आम्ही लहानपणीच पाठ केलं होतं. चालायचे मात्र सगळेच.

स्टेशनातून फुटून ही लाईन आमच्या वस्तीच्या पाठीमागून यायची, नाल्यावरची मोरी ओलांडायची आणि कापसाच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, शिरून संपायची. हंगामात दिवसाकाठी एखादी मालगाडी रिकामे डबे घेऊन आत जायची आणि गाठी भरून बाहेर यायची. हंगाम सरला की आठवडेच्या आठवडे काही नाही. पुढे कापूस ट्रकनं जायला लागला, जीनच्या पत्र्यांना भोकं पडली, आणि गाडी यायची थांबली. थांबली असं कोणी जाहीर केलं नाही. एका हंगामात आली नाही, पुढच्याही आली नाही, एवढंच.

माझे वडील या लाईनवर चाबीवाले होते. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला चाबी म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं चाब्या सैल होतात. खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि कमरेला गुंडाळलेली लाल झेंडी घेऊन रोज सगळी लाईन चालायची आणि सैल चाबी दिसली की ठोकायची, हे त्यांचं काम. ते अत्यंत सरळ होते. इतके सरळ, की लहानपणी मला त्याचा राग यायचा. रेल्वेच्या खडीतला एक दगड मी बिट्ट्या खेळायला आणला होता, तो त्यांनी मला परत नेऊन टाकायला लावला.

मोरीच्या अलीकडे रेल्वेची एक पाटी होती. ‘रेल्वेच्या हद्दीत प्रवेश करणे गुन्हा आहे.’ दर दिवाळीच्या आधी वडील ती स्वतः रंगवायचे, पिवळ्यावर काळी अक्षरं. मी डबा धरून उभी राहायची. शाळेत जाण्याआधी मी वाचायला शिकले ती त्या पाटीवर, आणि मला आलेलं पहिलं जोडाक्षर ‘गुन्हा’मधलं होतं.

या पाटीच्या पलीकडे, मोरी ओलांडली की उजव्या हाताला, आमच्या वस्तीचं स्मशान आहे.

तिकडे जायला गावातूनही रस्ता आहे. तो देवळासमोरून, चावडीवरून जातो आणि नाल्यात उतरतो. आमच्या वस्तीतली तिरडी त्या रस्त्यानं जात नसे. काठी घेऊन कोणी उभं नव्हतं, हे मी आधीच सांगते, कारण आमच्या गावाला वाईट म्हटलेलं मला आवडत नाही. पण माझ्या आजोबांच्या तरुणपणी एकदा अडवलं होतं, आणि ते एकदाच पुरलं. शिवाय पावसाळ्यात त्या रस्त्याची काळी माती गुडघ्यापर्यंत धरते आणि नाल्याला पाणी आलं की पलीकडे जाताच येत नाही. लाईनचा भराव उंच, मोरी पक्की. म्हणून आमची माणसं शेवटी लाईननं जायची.

ते कसं जायचं याची एक रीत ठरून गेली होती. आधी वडील स्टेशनात जाऊन गाडीचा अंदाज घेऊन यायचे. कशासाठी विचारतोय हे ते सांगत नसत आणि स्टेशनमास्तरही विचारत नसत. मग तिरडी भरावावर चढायची. वडील सगळ्यांच्या मागे, स्टेशनच्या बाजूला, लाल झेंडी उघडून, हाकेच्या अंतरावर. पुढे खांदेकरी, प्रत्येक स्लीपरवर एक पाऊल. पाऊल चुकलं तर पाय खडीत जातो आणि खांदा हलतो, म्हणून चौघांची चाल एक लागायची. ती चाल आमच्या लोकांच्या अंगात एवढी बसली की आजही मलकापुरात कोणाच्या मयतीला गेले आणि डांबरी रस्त्यावर तोकडी, सारखी पावलं टाकणारे खांदेकरी दिसले, की हे आमच्याकडचे, असं मी ओळखते. अर्ध्या वाटेवर विसावा. तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे. भरावावर सपाट जागा एकच होती, पाटीखालची. म्हणजे गुन्हा आहे असं जिथं लिहिलं होतं, तिथंच आमची माणसं टेकायची. खाली ठेवलं की सगळे एकदा मागे वळून स्टेशनकडे पाहायचे, काही येतंय का ते.

आणि कोणी विचारलंच, तर उत्तर एकच. लाईनवर कोणी जात नाही. वर्षातून एकदा मोठे साहेब ट्रॉलीवर बसून यायचे आणि हिंदीत विचारायचे. वडील हात मांड्यांना लावून ताठ उभे राहायचे आणि ‘नहीं साहब’ म्हणायचे. आम्हा पोरांकडूनही ते घोटून घेतलं होतं. मी सात-आठ वर्षांची असताना रेल्वेच्या एका पोलिसानं मला हटकलं, तर त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी झाले. त्या दिवशी वडिलांनी मला कौतुकानं गूळ-शेंगदाणे दिले. दगड परत टाकायला लावणारा माणूस खोटं बोलल्याबद्दल गूळ देतो, यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा माझी आई गेली. पोळा झाला होता, पाऊस लागून राहिला होता आणि नाला भरून वाहत होता. जीनमध्ये राहिलेल्या गाठी न्यायला त्या दिवशी स्टेशनात रिकामे डबे येऊन थांबलेले होते आणि ते जीनला कधी सुटतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. वडिलांनी नोकरीचा निळा सदरा घातला, झेंडी घेतली आणि मागे राहिले. माझे दोन काका, एक मामा आणि शेजारचे एकजण, अशा चौघांनी आईला उचललं. आमच्या बायका पाटीपर्यंतच जात, तिथपर्यंत मी मागून चालले. विसाव्याला वडील पुढे आले, आईच्या पायांना हात लावला आणि लगेच झेंडी उचलून मागे गेले. मी वाट पाहत होते की आता खांदे बदलताना तरी ते येतील. ते आले नाहीत. त्यांनी माझ्या आईला खांदा दिला नाही.

हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मनात मात्र ठेवलं, आणि चांगलं चाळीस वर्षं ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला रेल्वेचं पत्र आलं. वापरात नसलेल्या या लाईनच्या जागेचं पुढं काय करावं, याचा आराखडा करायचा होता. गावाची मागणी काय आणि जागेचा सध्याचा वापर काय, हे त्यांना कळवायचं होतं. चौकशीला एक तरुण सर्वेअर आला. मी मलकापूरला शाळेत शिकवते. रविवार असल्यामुळे मी वडिलांकडे आले होते. विहाराजवळच्या लिंबाखाली खुर्च्या मांडल्या, चहा झाला. पोरगा गोड बोलणारा होता. हातातल्या शाळेच्या पाटीएवढ्या मोबाईलवर बोट ठेवून त्यानं विचारलं, “काका, या लाईनचा सध्या कोणी काही वापर करतं का? येण्या-जाण्यासाठी वगैरे?”

माझे वडील तेव्हा चौऱ्याऐंशीचे. गुडघ्यांवर हात टेकून ते खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले, हात मांड्यांना लावले.

“नाही साहेब. लाईनवर कोनीच जात नाही.”

“कोनीच नाही,” मागून दोघा-तिघांनी म्हटलं. एक म्हातारी तर म्हणाली, “आमी त कधी पाय बी नाही ठेवला, बाबू.” पंधरा दिवसांपूर्वीच तिच्या दिराला आम्ही तिथून नेलं होतं.

मी तिथंच बसले होते. दोन पदव्या घेतलेली, पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई. मी काय केलं? काही नाही. उलट सगळ्यांनी एकसारखं उत्तर दिलं याचं मला बरंच वाटलं. पोरानं बोटानं काहीतरी टिपलं आणि तो गेला. संध्याकाळी एसटीत बसले, गाडी हायवेला लागली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला : वापर नाही म्हणजे वाटही नाही.

महिन्याभरात पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. ‘सध्याचा वापर : काही नाही.’ खाली आलेल्या मागण्या. एका व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवी होती, पूर्ण लांबीची, तारेचं कुंपण घालून. लागून असलेल्या शेतकऱ्यांना भराव सपाट करून आपापल्या वावरात मिळवायचा होता. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी धावायला पट्टी मागितली होती. मोरी जुनी झाल्यामुळे पाडावी, असंही कोणीतरी सुचवलेलं होतं. पंधरा दिवसांनी ग्रामसभा.

मी रजा टाकून वडिलांकडे गेले. ते ओसरीवर तूर निवडत बसले होते.

“बाबा, सभेत तुम्ही बोला. त्या पोराला तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आता खरं काय ते सांगा.”

“मी काऊन? तू बोल. तू शिकेल हाये.”

“मी मलकापूरची झाले. माझं कोण ऐकेल? लाईन तुमची होती.”

ते तुरीतले खडे बाजूला काढत राहिले. मग म्हणाले, “माह्या सर्व्हिस बुकात एक लाल शेरा नाही, माय. पस्तीस वर्सं. साहेब म्हनत होते, तुह्या लाईनवर परिंदा पर नाही मारत. आता मी सभेत उठून सांगू का, का मीच लोकायले लाईनवर चढवत होतो? सरकारची झेंडी घेऊन?”

“आता कोण शिक्षा करणार आहे तुम्हाला?”

“शिक्षेचं नाही वं. मी साहेबाच्या डोळ्यात पाहून सांगत होतो. खरा मानूस समजून ते विश्वास ठेवत.”

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “मग राहू द्या तुमचा शेरा कोरा. आईला खांदा देण्यापेक्षा झेंडी जवळची वाटली तुम्हाला. आता तिच्या वाटेवर कुंपण पडलं तरी बसा असेच तूर निवडत.”

बोलून गेल्यावर शब्द परत घेता येत नाहीत. वडिलांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा केला तो त्यांनी घेतला नाही. मी दुपारच्या एसटीनं परत आले आणि घरी येऊन खूप रडले. रागानं की लाजेनं, ते आजही सांगता येत नाही.

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. आमच्या सरपंच बाई होत्या. ग्रामसेवकांनी पत्र वाचलं, सध्याचा वापर काही नाही, मग मागण्या. गोदामावर वाद झाला, शेतकरी आणि भरतीची पोरं यांच्यात थोडी तणातणी झाली. मी उठून स्मशानाच्या वाटेचं बोलले. तेव्हा वरच्या आळीतले, म्हणजे देवळाकडचे, एक वडीलधारे गृहस्थ अगदी आपुलकीनं म्हणाले, “बाई, आता कोन अडवते? जमाना बदलला. गावातल्या रस्त्यानं न्या ना बिनधास्त.”

ते मनापासून म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हणाले, “आणि पावसाळ्यात?”

ग्रामसेवक म्हणाले, “मॅडम, पण चौकशीत तुमच्याच वस्तीनं सांगितलंय, वापर नाही. लेखी आहे.”

माझ्याच डोळ्यांसमोर तर सांगितलं होतं.

वडील मागे खांबाला टेकून बसले होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले होते ते निळा सदरा घालून. सदरा अंगावर ढगळ होत होता. ते उठले, आणि यावेळी हात मांड्यांना न लावता खांबाला धरून उभे राहिले.

“ते लेखी माहंच हाये,” ते म्हणाले. “मी खोटं सांगतलं. आताच नाही, पयलेपासून.”

ग्रामसेवकांनी कागदावरून मान वर केली.

“चाबीवाला होतो मी. लाईनवर कोनी येऊ नये हे पाहाचं काम माहं. अन् आमच्यातलं कोनी गेलं का मीच त्याले लाईननं नेत होतो. मागं झेंडी घेऊन. साहेबानं पुसलं त नाही म्हनत होतो. पोराबारायलेबी तेच शिकवलं.” त्यांनी खांब नीट धरला. “माही बायको गेली तवा पानी होतं. टेसनात डब्बे उभे होते, कवा सुटतीन नेम नव्हता. झेंडी दुसऱ्याले देता येत नव्हती. ज्याची नोकरी त्याचीच झेंडी. दुसऱ्याच्या हातात दिसली असती त त्याले पकडलं असतं. म्हनून मी तिले खांदा नाही देल्ला. माह्या पोरीले वाटते, मले झेंडी जवळची होती.”

चाळीस वर्षं मी जे विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर ते शंभर माणसांसमोर देत होते, आणि ते उत्तर इतकं साधं होतं की अकरा वर्षांच्या पोरीलाही समजलं असतं. कोणी सांगितलं असतं तर.

“एवढंच,” वडील म्हणाले. “वापर हाये. लिहून घ्या.” आणि ते बसले.

मग ती म्हातारी उठली. “हाव. मी बी खोटं बोलली. माह्या देराले तिकूनच नेलं.” तिच्यामागे आणखी दोघं बोलले. नंतर वरच्या आळीतली एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली की बरसातीत निंदायला जाताना आमच्याही बाया लाईननंच जातात, नवऱ्यांना माहीत नसेल. कोणी हसलं नाही. मघाचे ते वडीलधारे गृहस्थ खाली पाहत होते. ग्रामसेवकांनी फळ्यावरचा कागद आणून त्या ओळीवर रेघ मारली आणि वर काय लिहू म्हणून सरपंच बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “काय लिहू म्हन्जे? स्मशानाकडं जायचा रस्ता लिहा.”

ठराव झाला. भराव आणि मोरी तशीच ठेवावी, भरतीच्या पोरांनी त्याच वाटेवर धावावं, स्टेशनकडच्या टोकाला गोदामाचं रेल्वेनं पाहावं. शेतकऱ्यांची नाराजी राहिली ती राहिलीच.

पुढच्या महिन्यात तो सर्वेअर पुन्हा आला. वडील त्याला लाईन दाखवायला स्वतः गेले, मी त्यांच्या काठीच्या बाजूनं. रूळ गंजून तांबडे झाले होते, स्लीपर मधून मधून गायब. तरी जिथं स्लीपर होता तिथं वडिलांचं पाऊल बरोबर त्याच्यावर पडायचं. पाटीजवळ ते थांबले. रंग उडाला होता, ‘गुन्हा’ तेवढा वाचता येत होता.

“हे भंगारात जाईल, काका. रुळांबरोबर,” पोरगा म्हणाला.

“पाटी राहू द्या साहेब.”

“कशाला? आता तर रस्ता मंजूर होतोय.”

“विसाव्याले इथं ठेवतेत,” वडील म्हणाले. “खुणंले लागते.”

पोराला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं चप्पल काढली आणि पाटीचा फोटो घेतला. परत येताना मी वडिलांना म्हणाले, “बाबा, माझं चुकलं.” ते म्हणाले, “हाव. माहंबी.” त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

गेल्या पावसाळ्यात वडील गेले. नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. मंजुरीचं पत्र पंचायतीत येऊन पडलं होतं, त्याची एक प्रत मी त्यांना वाचून दाखवली होती आणि त्यांनी ती उशाखाली ठेवली होती. आमच्याकडे बायका आता खांदा देतात. मी उजव्या बाजूला पुढे होते. वरच्या आळीतलीही चार-पाच माणसं आली होती. भरावावर चढताना कोणी काही बोललं नाही, तरी चौघांची पावलं आपोआप तोकडी झाली, एकसारखी पडू लागली. मागे झेंडी घेऊन कोणी नव्हतं. त्याची गरजही नव्हती, त्या लाईनवर शेवटची गाडी गेल्याला वीस वर्षं होऊन गेली होती.

पाटीखाली आम्ही त्यांना ठेवलं. खांदे बदलायला माणसं पुढे आली. तेवढ्यात आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, मागे वळून स्टेशनकडे पाहिलं.